बार रूमच्या दाराला अडकवलेली पाटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर गेल्या आठवड्यात आमच्या वकील संघटनेच्या निवडणुकीची बातमी आली. नऊ जणांचा फोटो, नऊही डोक्यांवर फेटे, कपाळाला गुलाल, मधोमध नवे अध्यक्ष. फेटे भाड्याने आणायला मीच गेलो होतो. एक कमी पडला म्हणून परत पाठवलं, तेव्हा दुसऱ्यांदाही मीच गेलो. त्यामुळे बातमीबद्दल माझी तक्रार नाही, फोटो छान आलाय. पण शेवटच्या ओळीत नव्या अध्यक्षांचं म्हणणं छापलं होतं की, ‘संघटनेच्या माध्यमातून सामाजिक बांधिलकी जपणार’. त्या ओळीवर मी अडलो. त्यासाठी हे पत्र.

मी वकील नाही, वकिलांचा कारकून आहे. 1994 पासून कृष्णाकाठच्या एका तालुका कोर्टात एकाच साहेबांकडे आहे. सकाळी साडेनऊला आवारात यायचं, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी बघायची, फायली लावायच्या, नकलेचे अर्ज द्यायचे, कोर्ट फी आणि वकील कल्याण निधीचं (वेल्फेअरचं) तिकीट चिकटवायचं, बेलिफाला गाठायचं आणि पुकारा झाला की बार रूमकडे, म्हणजे वकिलांच्या बसायच्या खोलीकडे, पळत जाऊन साहेबांच्या हातातला चहा सोडवायचा. बार असोसिएशनचा मी सभासद नाही, मला मत नाही. पण दोन्ही पॅनेलांच्या पत्रकांचं टायपिंग माझ्याच हातून झालं, म्हणून कुणी काय आश्वासन दिलं ते मला मतदारांपेक्षा जास्त पाठ आहे. एकाने बार रूमला एसी देऊ म्हटलं, दुसऱ्याने दोन एसी. पार्किंगला शेड, क्रिकेट स्पर्धा, वार्षिक सहल, हुरडा. पक्षकार हा शब्द एका पत्रकात एकदा आला, तोही ‘पक्षकारांच्या गाड्या वकिलांच्या जागेत लागू नयेत’ अशा वाक्यात.

तर ‘सामाजिक बांधिलकी’. ती मी या आवारात एकदा अगदी जवळून बघितली आहे. ती फार गैरसोयीची असते, आणि गैरसोय पक्षकारांची होत नाही, वकिलांची होते.

ऑगस्ट 2019. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या गावात नदीकडच्या तीन आळ्या छपरापर्यंत बुडाल्या. कोर्टाचं जोतं उंच, म्हणून पाणी पायऱ्यांवर थांबलं. आवारातली टायपिस्टांची आणि स्टॅम्पवाल्याची शेड मात्र गेली. पाणी उतरल्यावर पहिल्या दिवशी मी कोर्टात आलो, तर व्हरांड्यात तारखेचा एकही पक्षकार नव्हता. होती ती पुरातून आलेली माणसं. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी, आणि पिशवीत लगदा.

एक म्हातारी स्टीलचा डबा घेऊन आली होती, लाडवाचा असतो तसला, घट्ट झाकणाचा. घरातले सगळे कागद तिने डब्यात ठेवले होते, पाणी लागू नये म्हणून. पण पाणी आत शिरलंच, आणि झाकण घट्ट असल्याने बाहेर पडलं नाही. बाकीच्यांचे कागद चार-पाच दिवस भिजले, तिचे दहा दिवस पाण्यात राहिले. डबा उघडला तेव्हा जो वास आला तो अजून माझ्या नाकात आहे. तिच्या सासऱ्यांच्या नावचं खरेदीखत, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळं एकमेकांना चिकटून एकच वडी झालेली. म्हातारी मला म्हणाली, “बाळा, येवढं सोडवून दे की. तू कोर्टातला हैस.”

तेव्हाचे अध्यक्ष दिवाणी बाजूचे जुने वकील होते. बुटके, कानाला यंत्र, कोर्टात आवाज इतका बारीक की न्यायाधीश पुढे वाकून ऐकायचे. फेटा बांधलेला त्यांचा एकही फोटो नसेल. त्यांनी तो डबा घेतला आणि बार रूममध्ये आले. मधल्या कॅरमवरच्या सोंगट्या पिशवीत भरल्या, वर रद्दी पसरली (आपल्याच दैनिकाची होती, राग मानू नये), पंखा तीनवर केला आणि मला म्हणाले, “पट्टी आण, प्लॅस्टिकची.” आम्ही दोघं बसून पट्टीच्या कडेने एकेक पान सोडवत होतो. चार वाजता खरेदीखताच्या पहिल्या पानावरचा दस्ताचा नंबर आणि साल वाचता आलं. नंबर मिळाला की दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल निघते. म्हणजे कागद मेला तरी व्यवहार मेला नाही. हे म्हातारीला त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ती रडायची थांबली.

दुसऱ्या दिवसापासून कॅरम बोर्ड म्हणजे कागद वाळवायची जागा झाली. तीन आठवडे बार रूममध्ये कुणी कॅरम खेळलं नाही. यावरून कुरकुर झाली, पण ती किरकोळ.

खरी कुरकुर झाली ती स्टॅम्पवरून. पुरग्रस्तांना पंचनाम्यात नाव राहिलं, भाडेकरू आहे, घर सासऱ्याच्या नावावर आहे, अशा शंभर कारणांनी प्रतिज्ञापत्रं द्यावी लागत होती. कुठल्या तरी टेबलावरून त्यांना सांगितलं जायचं, ‘शंभरच्या कागदावर करून आणा’. मग माणूस कोर्टाच्या आवारात यायचा. शंभरचा स्टॅम्प त्या दिवसांत 130-140 ला जात होता. टायपिंगचे वेगळे, नोटरीचे वेगळे. ज्याच्या घरात चिखल आहे आणि अंगावरचा शर्ट दुसऱ्याचा आहे त्याला एका कागदामागे तीन-साडेतीनशे रुपये. लपवत नाही, त्यात माझेही 20 रुपये असायचे. स्टॅम्पच्या रांगेत उभं राहून आणून द्यायचे. मागून घेत नव्हतो, पण पुढे केले तर नको म्हणत नव्हतो.

अध्यक्षांच्या कानावर हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेलं. ते लायब्ररीत गेले, एक फाईल काढली, चष्मा कपाळावर सरकवून वाचत उभे राहिले. मग मला हाक मारली. “झेरॉक्स पेपरचं खोकं आहे का रिकामं?” होतं. त्याची एक बाजू ब्लेडने कापून दिली. त्यावर त्यांनी स्केचपेनने स्वतः लिहिलं. अक्षर कसंबसं होतं, पण मजकूर असा: ‘जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालते. कोणी अडवले तर या खोलीत यावे.’ खाली ‘अध्यक्ष, वकील संघटना’. फायलीची लाल नाडी ओवून पाटी बार रूमच्या दाराच्या कडीला अडकवली.

हा काही त्यांनी लावलेला शोध नव्हता. राज्य सरकारने 2004 सालीच असल्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे. आवारातल्या प्रत्येक वकिलाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पंधरा वर्षं माहीत होतं. पाटी लावायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं, आणि का सुचलं नव्हतं तेही सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी बार रूममध्ये जी बैठक झाली ती बैठक म्हणण्यासारखी नव्हती. ‘तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय’ हे वाक्य मी दाराबाहेरून ऐकलं. न्याय्य बोलायचं तर बोलणाऱ्या पोरांचंही काही चूक नव्हतं. ज्युनिअर वकिलाची पहिली चार-पाच वर्षं कशी जातात ते मी रोज बघतो. काळा कोट घातलेला असतो म्हणून कुणाला वाटत नाही, पण साहेब देतील त्यात एसटीचा पास निघाला तर नशीब. दिवसाकाठी दोन प्रतिज्ञापत्रं झाली तर त्याचा डबा सुटतो. ती दोन प्रतिज्ञापत्रंच या पाटीने काढून घेतली होती.

अध्यक्ष ऐकून घेत होते. कानाचं यंत्र त्यांनी मुद्दाम बंद केलं असावं अशी मला शंका होती, पण नव्हतं केलं. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाले, “तुमचं नुकसान होतंय हे खरं आहे. पण चुकीच्या पैशाचं नुकसान होतंय. बरोबर पैसा कसा मिळेल ते बघू.” आणि दुसऱ्या दिवशी ते तालुका विधी सेवा समितीच्या अध्यक्षांकडे, म्हणजे आमच्या वरिष्ठ न्यायाधीशांकडे गेले. विधी सेवा प्राधिकरणाचा 1987 चा कायदा आहे, त्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कुणाला द्यायचा त्याची यादी आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले कैदी, अपंग, कामगार. त्यातच पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेला माणूसही आहे. त्याचं उत्पन्न कुणी विचारायचं नाही. अर्ज लिहून देणं, कोर्ट फी, वकिलाची फी, सगळं त्यात येतं. म्हणजे पुरग्रस्ताला वकील मिळणं हा कुणाचा उपकार नव्हता, फक्त तो द्यायला टेबल नव्हतं. जिन्याखाली टेबल लागलं. ज्युनिअर पोरांची नावं विधी सेवेच्या वकिलांच्या पॅनेलवर गेली, पाळ्या लागल्या. पैसे उशिरा आले आणि थोडे आले, पण आले. चहा आणि पेट्रोल अध्यक्षांच्या खिशातून. त्या पोरांपैकी एकजण आज सिनिअर डिव्हिजनला बरी प्रॅक्टिस करतो. मला म्हणाला होता, “काका, ड्राफ्टिंग मी त्या जिन्याखाली शिकलो.” एवढं सांगून ठेवतो की पाटी लावा म्हणणाऱ्यांत तो आज नाही.

पाटी पुढे चार महिने होती. दिवाळीनंतर एकदा वाऱ्याने पडली म्हणाले. वारा कोण होता ते मला ठाऊक आहे.

आता दुसरी गोष्ट, जी लिहू की नको असं झालं होतं. पुराच्या पुढच्याच जानेवारीत आमच्या तालुक्यात एका लहान मुलीच्या बाबतीत गुन्हा घडला. तपशील लिहवत नाही. गाव पेटलं होतं, मोर्चा निघाला, बाजार बंद. तेव्हा बारची सर्वसाधारण सभा बोलवण्यात आली आणि कुणीतरी ठराव मांडला की आरोपीचं वकीलपत्र तालुक्यातल्या एकाही वकिलाने घ्यायचं नाही. टाळ्या पडल्या. मी चहाचे कप गोळा करत होतो. खरं सांगतो, मलाही तो ठराव बरोबर वाटला. मला दोन मुली आहेत.

अध्यक्ष म्हणाले, “हा ठराव मी मतदानाला टाकणार नाही. टाकायचाच असेल तर आधी मला या खुर्चीवरून उतरवा.” आवाज नेहमीसारखाच बारीक, त्यामुळे मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी मागे सांगितलं आणि मग गोंधळ झाला. त्यांनी दोनच मुद्दे सांगितले. एक, राज्यघटनेच्या 22 व्या कलमाने अटक झालेल्या माणसाला वकिलाकडून बचाव करून घ्यायचा हक्क आहे, आणि असे ठराव बेकायदेशीर व रद्दबातल आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या डिसेंबरात तामिळनाडूच्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय. दुसरा मुद्दा व्यवहारी होता. “तुम्ही आज वकील दिला नाही, तर खटला एकतर रखडेल, नाहीतर वकिलाशिवाय चालला म्हणून वरच्या कोर्टात परत पहिल्यापासून चालवा असं होईल. त्या पोरीला दुसऱ्यांदा साक्षीला उभी करायची आहे का तुम्हाला?”

सभेत शांतता झाली असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. अर्धे लोक उठून गेले. ठराव मात्र झाला नाही. मग आरोपीला विधी सेवेतून वकील द्यायची वेळ आली, पॅनेलवरचा एकही जण पुढे येईना, तेव्हा ते दिवाणी बाजूचे असून स्वतः उभे राहिले. सोबत एक ज्युनिअर बाई होत्या, फौजदारी कामाच्या, त्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून उल्लेख करतो. अध्यक्षांच्या घराच्या पाटीला डांबर फासलं. स्कूटरची सीट फाडली. त्याच फेब्रुवारीत बारची निवडणूक होती, ते पडले. खटल्यात आरोपीला शिक्षा झाली, आणि ती वरही टिकली. मुलीला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

वासुदेव बळवंत फडक्यांवर 1879 साली पुण्यात खटला उभा राहिला, तेव्हाही त्यांचं वकीलपत्र घ्यायला सहजासहजी कुणी धजत नव्हतं. उभे राहिले ते गणेश वासुदेव जोशी. 1870 मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा काढणारे, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत तेच. सरकारचा रोष आणि मित्रमंडळींची काळजी, दोन्ही पत्करून. फडके आणि या आरोपीची तुलना करतोय असं कुणी म्हणू नये; तुलना वकिलांची आहे. आमच्या बार रूममध्ये टिळक, गांधी आणि बाबासाहेब यांचे फोटो आहेत. काकांचा नाही. फोटो लावला तर निदान त्यांना सार्वजनिक काका का म्हणायचे हे एखादा ज्युनिअर विचारील.

कुणी म्हणेल, हा कारकून जुन्या अध्यक्षाचा माणूस दिसतो. तसं नाही. त्यांचं आणि माझ्या साहेबांचं कधी जमलं नाही. आणि बारने एकजुटीने काही केलंच नाही असंही मला म्हणायचं नाही. मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या बेंचचंच बघा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांच्या वर ही मागणी धरून ठेवली. अध्यक्ष बदलले, समित्या बदलल्या, मागणी सुटली नाही. अखेर 17 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सर्किट बेंचचं काम सुरू झालं. त्याआधी मी साहेबांबरोबर किती वेळा रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबईला गेलो त्याला हिशेब नाही. फायलींचं गाठोडं उशाला, पक्षकार समोरच्या बाकावर जागा, सकाळी सीएसटीला तोंड धुवायचं, हायकोर्टात जायचं, आणि दुपारी कळायचं की मॅटर बोर्डावर पोचलंच नाही. पक्षकाराचे दोन दिवस, प्रवास, जेवण आणि वर साहेबांची फी. आता तोच माणूस सकाळच्या एसटीने कोल्हापूरला जातो आणि रात्री घरी जेवतो. याला नेतृत्व म्हणायचं नाही तर कशाला?

पण त्याच मागणीसाठी जे कामबंद झाले, त्याचं बिल कुणी भरलं तेही मी बघितलंय. वकिलांना संपाचा हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलेलं आहे. तरी लाल फिती लावून दिवसचे दिवस कोर्टं ओस पडली. पोटगीची तारीख असलेली बाई कडेवर पोर घेऊन दोन गाड्या बदलून यायची आणि दारातून परत जायची. तिला ‘आज वकिलांचं काम बंद’ हे सांगायचं काम कुणाचं? कारकुनाचं. तेव्हा एकाही कामबंदच्या दिवशी बारने आवाराच्या फाटकावर दोन माणसं उभी करून पुढची तारीख लिहून दिली नाही. बेंच मिळाला याचा मला आनंद आहे आणि त्या बाईची आठवणही आहे. दोन्ही एकाच डोक्यात ठेवायला काही अडचण येत नाही.

तारखेवरून आठवलं. आमच्याकडे अजूनही माणसं फक्त पुढची तारीख विचारायला येतात. येण्याजाण्याचे 80-100 रुपये आणि दिवसाची मजुरी. हल्ली प्रत्येक दाव्याला 16 अक्षरी सीएनआर नंबर असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की तारीख मोबाईलवर दिसते, गेल्या तारखेला काय झालं तेही दिसतं. मी दोन वर्षांपासून आमच्या साहेबांच्या सगळ्या पक्षकारांना कार्डाच्या मागे तो नंबर लिहून देतो. आवारातल्या एका ज्येष्ठ वकिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पक्षकाराला सगळं घरी दिसायला लागलं, तर तो आपल्याकडे येईल कशाला?” मी म्हटलं, “साहेब, केस चालवायला येईल की.” ते हसले नाहीत.

महिला वकिलांचं एका वाक्यात सांगतो, कारण ते त्यांनीच लिहायला हवं: सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या मे महिन्यात तिथल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा महिलांना दिल्या, आणि आमच्या नऊ जणांच्या फोटोत एक बाई आहेत, त्याही ‘महिला प्रतिनिधी’ म्हणून, आणि पत्रकात दोन एसी आहेत पण स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही.

जिन्याखालचं ते टेबल अजून आहे. त्यावर सध्या क्रिकेटचं किट, निवडणुकीच्या फ्लेक्सची गुंडाळी आणि मोडका पंखा आहे. विधी सेवा समितीचा बोर्ड भिंतीवर आहे, त्यावर 15100 हा मोफत मदतीचा नंबरही लिहिलाय, पण तो वाचायचा तर पंख्याच्या मागे वाकावं लागतं.

नव्या अध्यक्षांना मी ओळखतो. माणूस वाईट नाही. त्यांना उद्घाटनं आवडतात एवढंच. सामाजिक बांधिलकी म्हणजे त्यांच्या डोळ्यासमोर काय येतं तेही मला माहीत आहे, कारण मागच्या खेपेला सचिव असताना त्यांनी वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिर केलं होतं. रक्तदान चांगलंच, मीही दिलं. पण रक्त कुणीही देऊ शकतं. स्टॅम्प लागत नाही हे सांगणं फक्त वकीलच करू शकतो, आणि ते सांगितल्याने त्याच्याच शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून ते कुणी करत नाही.

ऑक्टोबर 2024 पासून शंभरचा स्टॅम्प गेला आणि पाचशेचा आला. प्रतिज्ञापत्रांची माफी मात्र कायम आहे. तरी गेल्या जूनमध्ये, शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत, मी एका बापाला पोराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाचशेचा कागद विकत घेताना बघितलं. हमाल होता. पाचशेची नोट त्याने आतल्या खिशातून काढली, घडी उलगडली, एकदा पोराकडे बघितलं आणि दिली. मी चार पावलांवर उभा होतो, हातात साहेबांच्या फायली. तोंड उघडलं नाही. स्टॅम्पवाला ओळखीचा, नोटरी ओळखीचा, उद्या त्यांच्याशीच काम. त्या दिवसापासून हे पत्र मनात आहे, फोटो बघून लिहायला बसलो इतकंच.

माझं नाव छापू नये ही विनंती. साहेबांना मी या पत्राबद्दल बोललेलो नाही, आणि नोकरी अजून चार-पाच वर्षं करायची आहे. पत्र लांबलं आहे हे कळतं. जागा नसेल तर मागचं-पुढचं खुशाल कापा, सार्वजनिक काकांचंही कापलं तरी चालेल. पाटीचा मजकूर तेवढा चौकटीत, मोठ्या अक्षरांत छापावा. लोकांनी कात्रण खिशात ठेवलं तर टेबलावर दाखवायला उपयोगी पडेल:

‘जात, उत्पन्न, रहिवास यांच्या दाखल्यांसाठी आणि सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालते.’

‘कोणी अडवले तर या खोलीत यावे’ हे वाक्य मी गाळलं आहे. ते लिहायचा अधिकार अध्यक्षांचा.

कळावे,
आपला वाचक,
एक वकिली कारकून
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)